डिजिटल स्कॅन करून बसवलेला इम्प्लांट, कोथरूडच्या दवाखान्याचा अनुभव (पाचपैकी चार)

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. भोसरीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, सत्तावीस वर्षं झाली, दिवसभर व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि सीएमएम, म्हणजे सगळी बारीक मापं घ्यायची साधनं. त्यामुळे कुणी "एकदम अ‍ॅक्युरेट" म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, म्हणजे किती? हा रिव्ह्यू त्याच सवयीतून लिहितोय, लांबलाय, इम्प्लांट (काढलेल्या दाताच्या जागी हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर कॅप) करायचा विचार असेल तर वाचा नाहीतर सोडून द्या. दवाखाना कोथरूडमधला. नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याकडून एक चूक झाली आणि ती त्यांनी नीट निस्तरली, पण नाव लिहिलं की लोक फक्त चूकच लक्षात ठेवतात.

तर खालची उजवीकडची मोठी दाढ, बारा-तेरा वर्षांपूर्वी रूट कॅनाल केलेली आणि वर कॅप बसवायचा कंटाळा केलेला. गेल्या दिवाळीत चकली चावताना कट्ट आवाज आला, मला वाटलं चकलीच कडक. आरशात बघितलं तर दाढ उभी चिरलेली. घराजवळच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं की ही आता वाचत नाही, काढा आणि इम्प्लांट करा. मग चौकशी सुरू. एका ठिकाणी बाहेरच बोर्ड, "शंभर टक्के अचूक डिजिटल इम्प्लांट". आमच्याकडे ड्रॉइंगवर कुणी टॉलरन्सच्या (किती चूक चालेल त्या आकड्याच्या) जागी शंभर टक्के अचूक लिहिलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवतील, त्यामुळे तिथे गेलोच नाही. शेवटी ऑफिसातल्या एकाने कोथरूडचा पत्ता दिला. भोसरीहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलायची, आनंदनगरला उतरून पाच मिनिटं चालत. गाडी घेऊन जायच्या भानगडीत पडू नका, पार्किंग नाही म्हणजे नाहीच.

डॉक्टर मॅडम पस्तिशीच्या असतील. पहिल्याच वाक्यात "काका, तोंड उघडा" म्हणाल्या. मी बावन्नचा आहे, केस अजून काळे आहेत (बहुतेक), पण असो. विचारलं की माप कसं घेणार, म्हणाल्या स्कॅनने, इंट्राओरल स्कॅनर आहे आमच्याकडे. मी विचारलं अ‍ॅक्युरसी किती, तर हसल्या नाहीत हे विशेष. म्हणाल्या, एक-दोन दातांचं काम असेल तर वीस ते पन्नास मायक्रॉनच्या आसपास धरा, आख्खा जबडा असेल तर चूक शंभरच्याही वर जाऊ शकते. बास, माझा अर्धा निर्णय तिथेच झाला. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, माणसाच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन, म्हणजे केसाच्या आत-बाहेरचा खेळ आहे हा, आणि आपली चूक आकड्यात सांगणारा सप्लायर मला सत्तावीस वर्षांत चार-पाचच भेटलेत.

दाढ काढून हाड भरायला तीन महिने थांबलो, मग सीबीसीटी. हा जबड्याचा थ्रीडी एक्सरे, यात हाड आणि आतली नस दिसते पण दातांचे बारीक कंगोरे नीट येत नाहीत, आणि जुन्या चांदीच्या फिलिंगच्या भोवती तर नुसत्या पांढऱ्या रेघा पसरतात. म्हणून तोंडाचा स्कॅन आणि सीबीसीटी दोन्ही कॉम्प्युटरवर एकावर एक बसवतात, आणि त्यावरून ड्रिलिंगसाठी प्लॅस्टिकचा गाइड प्रिंट करतात, आमच्या भाषेत सरळ ड्रिल जिग. मॅडमनी स्क्रीनवर दाखवलं, नसेच्या वर तेरा मिलिमीटर हाड आहे, आपण दहाचा इम्प्लांट टाकू. मी म्हटलं बारा का नाही, जिग आहे ना. तर म्हणाल्या की काका, गाइड वापरूनसुद्धा इम्प्लांटचं टोक ठरवलेल्या जागेपासून सरासरी एक मिलिमीटरच्या वरच सरकलेलं निघतं, अँगलमध्ये तीन-साडेतीन डिग्री फरक पडतो, म्हणून नसेपासून किमान दोन मिलिमीटर सोडायचेच. इथे मायक्रॉन नाही, मिलिमीटर. हा फरक लोकांना कुणी सांगत नाही, स्कॅनर मायक्रॉनमध्ये मोजतो म्हणून ऑपरेशनही मायक्रॉनमध्ये होतं असं सगळे समजून चालतात.

इम्प्लांट बसवताना भूल दिली होती, दुखलं नाही, फक्त डोक्यात घरघर ऐकू येते. संध्याकाळी वरणभात खाल्ला. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. टायटॅनियमभोवती हाड धरतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना 1950 च्या दशकात सशाच्या हाडावर काम करताना लक्षात आलं होतं आणि माणसाच्या तोंडात त्यांनी पहिला 1965 मध्ये बसवला, म्हणजे ही जुनी आणि मुरलेली गोष्ट आहे. नवीन आहे ते माप घेणं.

पुन्हा तीन महिन्यांनी कॅपसाठी बोलावलं. आता खरी मजा. हिरडीतून इम्प्लांटचं तोंड उघडं करून त्यात एक छोटा खांब स्क्रूने बसवतात, त्याला स्कॅन बॉडी म्हणतात, माझा पांढरट रंगाचा होता, पीक नावाच्या प्लॅस्टिकचा, एका बाजूला चपटा कापलेला. इम्प्लांट स्वतः हिरडीखाली असतो, स्कॅनरला दिसतच नाही, म्हणून या खांबावरून सॉफ्टवेअर ओळखतं की खाली इम्प्लांट कुठे आहे, किती खोल आहे आणि कुठल्या दिशेला फिरलाय. थोडक्यात डेटम, म्हणजे जिथून बाकी सगळी मापं धरायची ती खूण. मग मॅडमनी टूथब्रशच्या दुप्पट जाड असा दांडा तोंडात घातला, टोकाला आरसा, तो आतून गरम असतो म्हणे, नाहीतर श्वासाने धुकं धरतं. असिस्टंट पोरगी गालाजवळ सक्शन धरून उभी, कारण दातावर लाळ साचली की स्कॅनरला ती लाळच दात वाटते. स्क्रीनवर राखाडी ठिपक्यांतून हळूहळू गुलाबी हिरडी आणि पिवळट दात उगवत होते, माझी जीभ मध्ये आली की तिथे एक लाल गोळा तयार व्हायचा आणि मग ते सॉफ्टवेअर तो पुसून टाकायचं. मध्येच मी गिळलं तर ट्रॅकिंग सुटलं, बीप बीप, पुन्हा मागे जाऊन ओळखीच्या दातावर दांडा नेला की गाडी परत रुळावर. चार-पाच मिनिटांत वरचा, खालचा आणि चावा, तिन्ही झालं. बारा वर्षांपूर्वी दातांचा साचा घ्यायला तोंडात ट्रेभर मसाला कोंबून पाच मिनिटं उमासे आवरत बसलो होतो ते आठवलं, त्या मानाने हे स्वर्ग.

मी विचारलंच, कॅलिब्रेशन कधी केलंय याचं? असिस्टंट फिसकन हसली. मॅडमनी तिच्याकडे बघितलं आणि मला स्क्रीनवर तारीख दाखवली, आठ दिवसांपूर्वीची. दांड्याच्या तोंडाला एक नळकांडं लावून करतात.

दोन आठवड्यांनी कॅप आली. झिरकोनियाची, रंग अगदी शेजारच्या दातासारखा. आणि बसेना. म्हणजे बसली, पण पुढच्या दाताशी इतकी घट्ट की फ्लॉसचा दोरा जाईना, तुटला. मागच्या दाढेशी मात्र फट, दोरा नुसता लोंबत आत जायचा. आणि चावून बघितलं तर चावा तपासायचा निळा कागद या कॅपवर डागच सोडेना, ओढला की सरळ निघून यायचा, म्हणजे कॅप चाव्याला लागतच नव्हती, बुटकी पडली होती. मॅडमनी पुढची बाजू जराशी घासली, परत बसवली, परत बघितलं, मग थांबल्या. मी खुर्चीत आडवा पडून मनात हिशोब करत होतो. एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला सैल आणि उंचीला कमी. कॅप नुसती छोटी झाली असती तर दोन्हीकडे सैल लागली असती. हे तिरकं झालंय. डेटमच उचललेला आणि कललेला आहे.

तोंडातून सगळं काढल्यावर बोललो की मॅडम, तो खांब त्या दिवशी पूर्ण बसला होता का? त्या दोन सेकंद गप्प. मग कॉम्प्युटरवर माझी फाइल उघडली, स्कॅनच्या दिवशीचा एक्सरे शोधला आणि नव्हता. खांब बसवल्यावर एक छोटा एक्सरे काढून खालचा जोड बंद झालाय का बघायचं असतं, तो त्या दिवशी राहिला होता, गर्दी होती, संध्याकाळ होती. खांब पुन्हा लावून एक्सरे काढला तर इम्प्लांट आणि खांबाच्या मध्ये एका बाजूला बारीक काळी रेघ. हिरडीचा तुकडा आत चिमटला जात होता. त्या दिवशीही हेच झालं असणार.

आता गणित बघा, सोपं आहे. इम्प्लांटचं तोंड साधारण चार मिलिमीटर रुंद. त्याच्या एका कडेखाली शंभर मायक्रॉनचा कचरा, म्हणजे शून्य पॉइंट एक मिलिमीटर, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा. खांबाचा माथा दहा मिलिमीटर वर असेल तर तिथे तो पाव मिलिमीटर सरकतो. पाव मिलिमीटर म्हणजे अडीचशे मायक्रॉन, स्कॅनरच्या स्वतःच्या चुकीच्या कितीतरी पट. आणि खांब वर उचलला गेला की सॉफ्टवेअरला वाटतं इम्प्लांटच वर आहे, मग ते तेवढी बुटकी कॅप बनवतं आणि ती खरी बसवली की खाली राहते. स्कॅनरने चूक केलीच नव्हती! त्याने जे समोर होतं ते इमानदारीत मोजलं. आमच्या शॉपमध्ये हे रोज होतं, पोरगा जॉबखालची चीप न झाडता सीएमएमवर ठेवतो आणि मग मशीनला शिव्या देतो.

इथे मॅडमना मार्क द्यावे लागतील. "लॅबची चूक आहे" असं म्हणून मोकळं होणं फार सोपं होतं, आणि मला कळलंही नसतं. त्या म्हणाल्या, ही आमची चूक, नवीन स्कॅन आणि नवीन कॅप, तुम्हाला काही खर्च नाही. हिरडी थोडी बाजूला केली, खांब बसवला, एक्सरे, दोन्ही बाजूंनी रेघ नाही, मग स्कॅन. मी असंही विचारलं की हा खांब किती वेळा वापरलाय, कारण तो निर्जंतुक करून परत परत वापरतात आणि आमचं भोकाचं माप तपासायचं गो-नोगो गेजसुद्धा झिजतं. यावेळी असिस्टंट हसली नाही, तिने ड्रॉवरमधून नवीन पाकीट फोडलं.

दुसरी कॅप पहिल्याच झटक्यात बसली. फ्लॉस दोन्हीकडून टक् आवाज करून गेला, निळ्या कागदाचा बारीक ठिपका मधोमध. स्क्रू टॉर्क रेंचने आवळला, पस्तीस न्यूटन सेंटीमीटर, रेंचवरचा आकडा मी वाकून बघितला. मग स्क्रूच्या भोकात पांढरी टेप कोंबली, तीच हो, प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतो ती टेफ्लॉन, आणि वर दाताच्या रंगाचं फिलिंग. उद्या स्क्रू ढिला झाला तर फिलिंग काढायचं, टेप ओढायची, परत आवळायचा. मेंटेनन्सचा विचार केलेलं डिझाइन मला नेहमीच आवडतं. पहिली कॅप मागून घेतली, ती आता माझ्या टेबलावर लाल रिजेक्ट टॅग लावून ठेवलीय.

आता दुसरा भाग, आणि या दवाखान्याला चार स्टार खरं तर यासाठीच आहेत. माझं काम बघून सासूबाईंनी मनावर घेतलं. वय एकाहत्तर, सदाशिव पेठ, खालची कवळी वीस वर्षं जिभेने धरून बोलतायत. खालच्या जबड्यात चार इम्प्लांट आणि त्यावर एकसंध दातांची पट्टी असं ठरलं. मला म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्यासारखं फोटो काढूनच माप घ्यायला सांगा हो, तो मसाला मला नको, जीव घाबरतो." मी मॅडमना तसं सांगितलं तर म्हणाल्या, काका, आजींचं माप मी नुसत्या स्कॅनवर घेणार नाही.

कारण असं. स्कॅनर एका वेळी तोंडाचा बोटाच्या पेराएवढाच तुकडा बघतो, आणि शेजारशेजारचे तुकडे एकमेकांवर जुळवत पुढे सरकतो. सहा इंची पट्टीने आख्खा हॉल मोजण्यासारखं आहे, प्रत्येक वेळी पट्टी उचलून ठेवताना केसभर इकडेतिकडे होतं आणि भिंतीपर्यंत जाईतो ते साचतं. दात असतील तर कंगोरे असतात, जुळवायला खुणा सापडतात. सासूबाईंच्या जबड्यात नुसती गुळगुळीत ओली हिरडी, त्यात जीभ ढकलतेय, खालची कड हलतेय, म्हणजे पट्टी ठेवायला रेघच नाही. उजवीकडच्या शेवटच्या इम्प्लांटपासून डावीकडच्या शेवटच्यापर्यंत जाताना सगळ्यात जास्त चूक तिथेच येते. आणि माझ्या एका कॅपला जे चालतं ते इथे चालत नाही. आपला खरा दात हाडात एका पातळ गादीवर असतो, पंचवीस ते शंभर मायक्रॉन दबतो, सरकतो, सांभाळून घेतो. इम्प्लांट हाडात थेट धरलेला, तीन ते पाच मायक्रॉन हलला तर हलला. चार ठिकाणी स्क्रू आवळून दातांची पट्टी जबरदस्तीने बसवली तर ताण जाणार कुठे? स्क्रू ढिले होतात, मोडतात, पट्टीला तडे जातात. छोट्या छोट्या चुका अशा साचत जाण्याला आमच्याकडे स्टॅक-अप म्हणतात आणि त्यावर दर सोमवारी भांडणं होतात.

चारही इम्प्लांटची जागा एकदम टिपणारा खास कॅमेरा येतो, फोटोग्रामेट्री म्हणतात, पण तो आमच्याकडे नाही असं त्यांनी सरळ सांगितलं. मग काय केलं, तर दातांचा आकार, चावा, ओठ हसताना किती वर जातो हे सगळं स्कॅनवरून. पण इम्प्लांटची जागा जुन्या पद्धतीने, चारही खांब तोंडातच कडक रेझिनने एकमेकांना जोडून, वरून भोकं असलेला ट्रे आणि तोच मसाला. सासूबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की घड्याळाचा पट्टा रुतला. नंतर लॅबने मॉडेलवर एक जिग करून पाठवली, ती तुकड्यांत कापलेली, तोंडात बसवून पुन्हा जोडली आणि मॉडेल बरोबर आहे का ते तपासलं. आणि मेटलची पट्टी आली तेव्हा मॅडमनी एका टोकाचा फक्त एक स्क्रू आवळला आणि दुसऱ्या टोकाकडे बघत बसल्या, उचलतं का. मग एक्सरे. मी शेजारी उभा राहून गालातल्या गालात हसत होतो, कारण सरफेस प्लेटवर, म्हणजे एकदम सपाट लादीवर, जॉब ठेवून डुगडुगतो का बघायचं हे मी पहिल्या नोकरीत पहिल्या दिवशी शिकलो. डुगडुगला नाही.

सासूबाई सगळं झाल्यावर मॅडमना म्हणाल्या, "बाळा, मसाला मात्र पुढच्या वेळी नको हं." पुढची वेळ म्हणजे कधी ते त्यांनाच माहीत.

आता तक्रारी. एक, वेळ. साडेपाचची अपॉइंटमेंट असली की सव्वासहा धरा, रिसेप्शनवर विचारलं की "बोलावतेच सर" आणि परत मोबाईलमध्ये. दोन, बिल. माझे सगळे मिळून शेहेचाळीस हजार झाले, दाढ काढायचे वेगळे, आणि त्यात शेवटी दीड हजार "स्कॅन चार्ज" म्हणून एक ओळ आली जी आधी सांगितलेली नव्हती. रक्कम मोठी नाही पण कोटेशनमध्ये नसलेली ओळ बिलात आली की मला झोप लागत नाही. बोलल्यावर कमी केले नाहीत, सासूबाईंच्या कोटेशनमध्ये मात्र आधीच लिहून दिलं. तीन, माझ्या स्कॅनच्या फाइल मागितल्या तर दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा पेनड्राइव्ह घेऊनच गेलो तेव्हा दिल्या. एसटीएल फाइल असते, नुसत्या त्रिकोणांची जाळी, कुठल्याही थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उघडते. आपल्या तोंडाचा डेटा आहे, मागून घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर, कंपनी, व्यास, लांबी, लॉट नंबर. ते कार्डवर चिकटवून मागा, कारण दहा वर्षांनी स्क्रू बदलायची वेळ आली आणि डॉक्टर दुसरे असले तर कुठला स्क्रू लागतो हे एक्सरे बघून ओळखत बसावं लागतं.

आणि तुम्ही कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी खांब बसवल्यावर "एक्सरे काढलात का" एवढं विचाराच, स्कॅनर डेन्मार्कचा असो नाहीतर कोरियाचा. थोडे वैतागतील, वैतागू देत.

एक स्टार कापलाय तो न काढलेल्या एक्सरेचा. स्कॅन चार्जचा अर्धा कापणार होतो पण बायको म्हणाली पुरे. सहा महिन्यांनी स्क्रू तपासायला बोलावलंय, तेव्हा सासूबाईंनाही घेऊन जायचंय, आणि त्यांना मेट्रोने यायचंय, रिक्षाने नाही, कारण सिव्हिल कोर्टचे सरकते जिने त्यांनी अजून बघितलेले नाहीत.